ग्राफीनओएसवर अँड्रॉइड ऑटो : घ्यावे, की फोन स्टँडवर लावून ऑफलाइन नकाशाच पुरे?

रानवाट (धागाकर्ता)

ग्राफीनओएस (गूगलच्या ॲपशिवाय येणारी, गोपनीयतेवर भर देणारी अँड्रॉइडची आवृत्ती) घेतले की गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा विसरायचा, असे अजूनही ठासून सांगितले जाते. आणि कुणी अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा नकाशा आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारे गूगलचे ॲप) टाकलेच, तर "मग गूगल सोडले कशाला?" असा प्रश्न ठरलेला. दोन्ही चूक आहेत असे माझे मत आहे. केबलने जोडलेले अँड्रॉइड ऑटो, मोजक्याच परवानग्या आणि ऑफलाइन नकाशा एवढ्यावर गोपनीयता जपणाऱ्याचेही काम भागते. वायरलेस मात्र टाळावे. कारण पुढे देतो.

नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर अँड्रॉइड ऑटो सिस्टिमचाच भाग म्हणून येते आणि त्याला खास अधिकार आधीच मिळालेले असतात. ग्राफीनओएसवर ते इतर कुठल्याही ॲपसारखे सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून अलग कप्प्यात, राहते. खास अधिकार सुरुवातीला शून्य, नंतर आपण देऊ तेवढेच.

क्रम असा. ग्राफीनओएसच्या स्वतःच्या ॲप स्टोअरमधून आधी गूगल प्ले सर्व्हिसेस (अनेक ॲप जिच्यावर चालतात ती गूगलची पार्श्वभूमीतली सेवा) आणि प्ले स्टोअर घ्या, मग ग्राफीनओएसच्या त्याच स्टोअरमधून अँड्रॉइड ऑटो. बाहेरून एपीके (ॲपची फाइल) आणू नका. त्यानंतर सेटिंग्ज, ॲप्स, सँडबॉक्स्ड गूगल प्ले या वाटेने गेलात की अँड्रॉइड ऑटोचे चार खटके दिसतात : वायर्ड, वायरलेस, ऑडिओ राउटिंग आणि फोन कॉल. खटका चालू करण्याआधी तो नेमके काय देतो आणि का, हे स्क्रीनवर लिहून येते. ते घाईत पुढे ढकलू नका, सगळा निर्णय तिथेच आहे. नकाशासाठी पहिल्या, म्हणजे वायर्डच्या खटक्यापासून सुरुवात करा. आवाज गाडीच्या स्पीकरवर नीट जात नसेल तर तिसरा द्या. कॉल गाडीवर घ्यायचे नसतील तर चौथ्याची गरज नाही.

वायरलेसला विरोध का, तर फोनने गाडीला ब्लूटूथवर ओळखायचे आणि मग गाडीच्या वाय-फायवर जायचे, हे सगळे ॲपने आपणहून घडवायचे असते. म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथची सूत्रे त्याच्या हाती द्यावी लागतात. केबलमध्ये ती देणेघेणी नाहीत.

प्ले सर्व्हिसेसला लोकेशनची परवानगीही लागत नाही. सँडबॉक्स्ड गूगल प्लेच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या विनंत्या ओएसकडे (फोनच्या मूळ प्रणालीकडे) वळवणारा खटका मुळातच चालू असतो. ॲपने गूगलच्या पद्धतीने लोकेशन मागितले तरी उत्तर ओएस देते. संपर्कांचेही तसेच : अँड्रॉइड ऑटो संपर्क मागत राहिले तर कॉन्टॅक्ट स्कोप्स (ॲपला निवडकच संपर्क दाखवायची सोय) चालू करून यादी रिकामी ठेवा. त्याला परवानगी मिळाल्यासारखे वाटते, हाती काही लागत नाही.

पायवाट

असहमत. मांडणी बिनचूक आहे, पण मुळातली गरजच मला मान्य नाही.

नकाशा दाखवायला फोनची स्क्रीन आहे, उपग्रहांचे संकेत पकडायला फोनचा रिसीव्हर आहे, बोलायला ब्लूटूथ आहे. यात प्ले सर्व्हिसेस कुठेच लागत नाहीत. ऑस्मअँड किंवा कोमॅप्स ही ऑफलाइन नकाशाची ॲप एफ-ड्रॉइडवरून (मुक्त स्रोत ॲपच्या स्टोअरवरून) घ्या, हव्या त्या भागाचे नकाशे वाय-फायवर उतरवून घ्या आणि मग त्या ॲपची नेटवर्क परवानगी काढून टाका. ग्राफीनओएसमध्ये ही परवानगी ॲपगणिक वेगळी असते. लोकेशन माहीत आहे, पण ते बाहेर पाठवायला वाटच नाही, अशी स्थिती झाली. अँड्रॉइड ऑटोच्या चार खटक्यांचा विचार करण्यापेक्षा ही खात्री मोठी.

सेन्सर्सची परवानगी मात्र काढू नका. ती काढली की होकायंत्र जाते, आणि गाडी उभी असताना नकाशा भलत्याच दिशेला तोंड करून बसतो. चौकातून निघतानाच्या पहिल्या वळणाला हे फार नडते.

आवाजाचे म्हणाल तर फोनमध्ये बोलणारे (लिहिलेले वाचून दाखवणारे) इंजिन नसेल तर ईस्पीक एनजी टाका. आवाज यांत्रिक आहे, पण स्पष्ट आहे आणि नेटशिवाय चालतो. गाडीत रेडिओ चालू असेल तर ब्लूटूथवर पाठवलेली सूचना ऐकू येत नाही, कारण गाडी त्या क्षणी ब्लूटूथचा आवाज घेतच नसते. ऑस्मअँडमध्ये सूचनांचा आवाज फोन कॉल म्हणून पाठवायची सोय आहे. मग रेडिओ आपोआप थांबतो आणि सूचना येते.

कळफलक

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहिली, आणि "गाडीला लावले तर फक्त चार्ज होते" ही तक्रार बहुतेक वेळा तिच्यातूनच येते.

ग्राफीनओएसमध्ये यूएसबी-सी पोर्टचे वेगळे नियंत्रण आहे, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनखाली. मूळ स्थिती अशी की फोन लॉक असताना नवीन जोडणी फक्त चार्जिंगपुरती. म्हणून आधी अनलॉक, मग केबल. उलट केले तर गाडीच्या स्क्रीनवर काहीच उमटत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. एकदा जोडणी लागल्यावर फोन लॉक झाला तरी ती चालू राहते. पण खड्ड्यात केबल क्षणभर हलली आणि त्या वेळी फोन लॉक असेल, तर पुन्हा लागणारी जोडणी नवीन धरली जाते आणि नकाशा परत येत नाही. तेव्हा गाडी बाजूला घ्या, फोन अनलॉक करा, केबल काढून पुन्हा लावा. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये "लॉक असताना सुरू करा" हा पर्याय आहे, पण तो या कुलपाला ओलांडू शकत नाही. वैतागून पोर्ट कायमचा "ऑन" करून ठेवू नका, ते कुलूप फार मोलाचे आहे.

केबल डेटाची हवी, एक मीटरच्या आतली, मध्ये हब किंवा जोडवायर नको. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, दिसायला दोन्ही सारख्याच.

वायरलेस वापरणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. ब्लूटूथ आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवली असेल तर गाडीत बसल्यावर फोन गाडीला सापडणारच नाही. दुसरे व्हीपीएन (फोनचा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी). "व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा" हे चालू असेल तर स्थानिक वाय-फायवरचा संवादही अडू शकतो. तेव्हा अँड्रॉइड ऑटोला व्हीपीएनमधून वगळले तरी उपयोग नाही, कारण त्या कडक अवस्थेत वगळलेले ॲप थेट बाहेर जात नाही, अडकूनच पडते. मग कडक अवस्था तरी सोडा, नाहीतर वायरलेस तरी.

दूरदृष्टी

पायवाट, तुमच्या मांडणीत वाहतुकीची कोंडी कुठे आहे? या ॲपमागच्या, लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप नकाशाच्या डेटामध्ये रस्ते आहेत, वेगमर्यादा आहेत, एकदिशा मार्ग आहेत, पण या क्षणी कुठे गाड्या तुंबल्यात ते नाही. ऑफलाइन नकाशा त्या बाबतीत आंधळा आहे. रोज त्याच वेळी शहर ओलांडणाऱ्याला ही उणीव किरकोळ नाही. आणि घरक्रमांक अनेक भागांत अपुरे असल्याने पत्ता शोधणे हे वेगळेच दुखणे.

म्हणून गूगल मॅप्स लॉगिन न करता, सँडबॉक्समध्ये, लोकेशन "वापरत असतानाच" ठेवून वापरावा, असे माझे मत. लोकेशन गूगलकडे जाते, मान्य. पण ते खात्याशी जोडलेले नसते, आणि प्रवास संपल्यावर ॲप बंद करता येते.

पायवाट

दूरदृष्टी, खात्याशी जोडले नाही म्हणून ते निनावी होत नाही. रोज रात्री एकाच जागी थांबणारी आणि रोज सकाळी दुसऱ्या ठरलेल्या जागी जाणारी खूण कुणाची, हे ओळखायला नाव लागत नाही.

कोंडीसाठी एक मार्ग आहे. निघण्यापूर्वी ब्राउझरमध्ये, लोकेशनची परवानगी न देता, वाहतुकीचा नकाशा बघा. कुठला पट्टा लाल आहे ते कळले की ऑस्मअँडमध्ये त्याला वळसा घालणारा एखादा मधला थांबा टाका. पत्त्याचेही तसेच : ठिकाण ब्राउझरमध्ये शोधा, अक्षांश-रेखांश उचला आणि ऑफलाइन नकाशाच्या शोधपट्टीत चिकटवा. घरक्रमांक नकाशात नसला तरी दारापर्यंत नेतो. निघाल्यावर नव्याने झालेली कोंडी कळणार नाही, हे मात्र खरे. ती किंमत मला परवडते.

रानवाट

पायवाट, नेटवर्क काढून टाकलेल्या नकाशाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तो अँड्रॉइड ऑटोवरही दाखवता येतो, म्हणून हे दोन परस्परविरोधी पर्याय नाहीत.

अडचण एवढीच की अँड्रॉइड ऑटो ॲप कुठून आले ते बघते. एफ-ड्रॉइड किंवा ऑरोरा स्टोअरमधून (प्ले स्टोअरवरची ॲप स्वतःच्या गूगल खात्याशिवाय देणारे स्टोअर) घेतलेला नकाशा गाडीच्या यादीत दिसत नाही, आणि गाडीत चालतच नाही असा समज होतो. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये तळाशी आवृत्तीच्या ओळीवर टॅप करत राहिलात की डेव्हलपर सेटिंग्ज उघडतात. वरच्या तीन ठिपक्यांतून तिथे जाऊन "अननोन सोर्सेस" चालू करा, केबल काढून लावा. ॲपमध्ये मुळात गाडीच्या स्क्रीनची सोय असायला हवी, हे ओघाने आलेच. ऑस्मअँडच्या प्ले स्टोअरवरच्या मोफत आवृत्तीत ही सोय पैसे भरल्यावर खुली होते, हेही ध्यानात ठेवा.

आणि गाडीच्या स्क्रीनचा फायदा नुसत्या आकाराचा नाही. अनेक गाड्या आपल्या अँटेनाचे लोकेशन आणि चाकांचा वेग अँड्रॉइड ऑटोला पुरवतात. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत तेव्हा फरक कळतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. त्यामागे स्टँडवर ठेवलेल्या फोनला संकेत क्षीण मिळतात. चालत्या गाडीत टायपिंग अडते, ही सुरक्षेची बाजूही मी हलकी धरत नाही.

मृगनक्षत्र

लोकेशनचा विषय निघालाच आहे तर एक भर. गोपनीयतेच्या उत्साहात काही जण लोकेशनच्या सेटिंगमधले पीएसडीएस (उपग्रहांच्या कक्षांची फाइल नेटवरून आणणारी सेवा) आणि एसयूपीएल (जवळच्या टॉवरवरून जागा लवकर शोधायला मदत करणारी सेवा) दोन्ही बंद करतात, आणि मग "जीपीएस खराब आहे" म्हणतात. ते खराब नसते, उपाशी असते. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला 50 बिट या वेगाने सांगतो. त्याची एक चौकट 30 सेकंदांची, आणि सगळ्या उपग्रहांचे पंचांग पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे. इमारतींच्या मधून जाताना संकेत तुटला की ती चौकट पुन्हा ऐकावी लागते. हीच माहिती नेटवरून मिळाली की काही सेकंदांत जागा लागते.

ग्राफीनओएसमध्ये या दोन्ही सेवा मूळ स्थितीत त्यांच्याच सर्व्हरमार्गे जातात, आणि एसयूपीएलच्या विनंतीत सिमचा ओळखक्रमांक किंवा फोन नंबर पाठवला जात नाही. जवळच्या टॉवरची माहिती जाते, एवढे खरे. ते नको असेल तर एसयूपीएल बंद करा, पण पीएसडीएस चालू ठेवा. ती नुसती उपग्रहांच्या कक्षांची फाइल आहे, तुम्ही कुठे आहात हे तिला सांगावे लागत नाही. दोन्ही बंदच ठेवणार असाल तर गाडी सुरू करण्यापूर्वी उघड्या आकाशाखाली फोनला जागा पकडू द्या, मगच निघा.

चौथी_खिडकी

इथे सगळे फोनबद्दल बोलत आहेत. गाडीचे काय? स्टँडवाल्यांनी हे विशेष बघावे, कारण "आम्ही तर फक्त ब्लूटूथ वापरतो" हे वाक्य फसवे आहे. ब्लूटूथ जोडताना गाडी संपर्क आणि कॉलची यादी मागते. "हो" म्हटले की ती यादी गाडीच्या साठवणीत उतरते. फोनवर नेटवर्क बंद असलेला नकाशा आणि गाडीत सगळे संपर्क, याला गोपनीयता म्हणायचे का? फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढच्या चक्रावर टॅप करा. संपर्क आणि कॉल इतिहास बंद, संदेश असतील तर तेही बंद, फक्त मीडिया ऑडिओ चालू ठेवा.

पायवाट यांची रेडिओ थांबवणारी युक्ती वापरायची असेल तर फोन कॉलही चालू लागेल. त्याने यादी जात नाही, यादीचा खटका वेगळा आहे. भाड्याची गाडी परत करताना किंवा स्वतःची विकताना गाडीतली जोडणीही पुसा. फोनवरून "विसरा" म्हटल्याने गाडीतले काही पुसले जात नाही.

पायवाट

चौथी_खिडकी, रास्त मुद्दा. स्टँडच्या बाजूने बोलताना तो मीच आधी लिहायला हवा होता.

रानवाट, बोगदा आणि काच मान्य. तरी प्ले सर्व्हिसेस आणि अँड्रॉइड ऑटो ही दोन मोठी, बंद स्रोताची ॲप एका नकाशासाठी मुख्य प्रोफाइलमध्ये घेणे मला जड वाटते. ज्यांच्या फोनवर प्ले सर्व्हिसेस बँकेच्या ॲपसाठी आधीच आहेत त्यांनी तुमची वाट धरावी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी केवळ गाडीसाठी आणू नयेत.

स्टँडवाल्यांनी चार्जिंगचे गणित नीट बघावे. गाडीच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टला 0.5 अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. स्क्रीन पूर्ण उजेडात आणि जीपीएस चालू असताना तेवढे पुरत नाही, चार्जिंगचे चिन्ह दिसत असूनही टक्के उतरत जातात. 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये पॉवर डिलिव्हरीचा, म्हणजे जास्त वॅट देणारा, चार्जर लावा. स्टँड काचेच्या तळाशी थेट उन्हात नको, एसीच्या झडपेसमोर ठेवा. फोन तापला की आधी चार्जिंग मंदावते, मग स्क्रीनचा उजेड उतरतो, आणि नेमक्या भर दुपारी नकाशा दिसेनासा होतो.

कळफलक

केबलवाल्यांनाही हे गणित लागू आहे. डेटा देणारा गाडीचा पोर्ट बऱ्याचदा तोच अशक्त असतो. अँड्रॉइड ऑटो चालू झाले की फोनची स्क्रीन बंद करा, नकाशा गाडीवर दिसतच राहतो. फोन लॉक झाला तरी केबल हलली नाही तोवर जोडणी टिकते, आणि स्क्रीन बंद असल्यावर तेवढ्याच विजेत टक्के सहसा उतरत नाहीत.