शेवंडीच्या सापळ्यांचे उभे दोर बंद व्हायला हवेत

सागरवेडी:
जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या किनाऱ्याला तीन वर्षांची राईट व्हेल मादी मरून लागली. शेपटीच्या बुडाशी दोर मांसात रुतलेला. २०२२ पासून ती तो ओढत होती. दोरावर जांभळी खूण होती, म्हणजे तो अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) सापळ्याचा. या जातीच्या आता जेमतेम ३८० च्या आसपास व्हेल उरल्या आहेत, आणि त्यातल्या ८५ टक्क्यांहून जास्त व्हेल एकदा तरी दोरात अडकल्या आहेत. बऱ्याचदा दोर लगेच मारत नाही, हे जास्त भयंकर. महिनोन् महिने तो ओढताना चरबी झडते आणि खंगलेल्या मादीला पिल्लू होत नाही. तळातल्या सापळ्यापासून वर तरंगणाऱ्या बोयापर्यंतचा (खुणेच्या तरंड्यापर्यंतचा) उभा दोर बंद करा.

दर्यावर्दी:
ताई, मेनमध्ये कंपन्यांचे ताफे नाहीत. परवाना ज्याचा त्यानेच बोटीवर जायचं, सापळे फार तर ८००. मेनच्या दोराशी जोडला गेलेला हा पहिलाच मृत्यू. २०१७ मध्ये कॅनडाच्या बाजूला १२ मेल्या, त्यात जहाजांच्या धडकाही होत्या. जहाजवाल्यांना कोणी काही बोलत नाही! उलट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने तिथली शेवंड कोणती मासळी खाऊ नये याच्या 'टाळा' यादीत टाकली, होल फूड्स या दुकानसाखळीने विक्री थांबवली. फटका छोट्या माणसालाच.

बोस्टनकर:
'पहिलाच' कसा म्हणता? मेनने जांभळी खूण सक्तीची केली ती २०२० मध्ये. आधीचे दोर कुणाचे हे कळणार कसं? बहुतेक व्हेलच्या अंगावर नुसता व्रण उरतो, दोर नाही. आणि जहाजांना २००८ पासून ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत १० नॉटची (ताशी सुमारे १८ किमी) वेगमर्यादा आहे. अपुरी आहे, पण आहे.

दर्यावर्दी:
बरं, मग पर्याय सांगा. ध्वनीच्या इशाऱ्यावर तळातून बोया वर सोडणारे सापळे महाग आहेत. शिवाय वर बोयाच दिसला नाही, तर दुसरा त्याच जागी आपले सापळे टाकणार. मग गुंता सोडवत बसा. खर्च कोण देणार?

सागरवेडी:
सरकारने द्यावा. आपल्या महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं, तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. मग अमेरिकेला का जमू नये? तिथल्या मत्स्यविभागाने असे सापळे मच्छीमारांना वापरून बघायला दिलेच आहेत. तिथल्या संसदेने व्हेल वाचवण्यासाठीचे सापळ्यांवरचे नवे नियम २०२८ च्या अखेरपर्यंत लांबवले. ही मुदत सापळे बदलायला वापरावी. जागेचा घोळही सुटेल, सापळा कुठे पडलाय ते प्रत्येकाच्या स्क्रीनवर दिसायला हवं.

दर्यावर्दी:
पैसे खरंच दिले, तर माझा विरोध नाही. पण आधी पैसे, मग बंदी. हा क्रम उलटा झाला, तर मी बोटवाल्यांच्या बाजूने.