पानांनी अडवलेल्या पावसाला मराठीत काय म्हणायचं?

फणसाखालची (फोंडा)
मंडळी, एक शब्द अडलाय. खरं तर चार अडलेत, पण एकाने जास्त छळलंय. नववी-दहावीच्या मुलांसाठी लेख लिहितेय: बेटांवरच्या उपोष्ण (सबट्रॉपिकल) जंगलांत पाणी कसं फिरतं आणि त्यावर झाडांची वाढ, म्हणजे उत्पादकता, कशी ठरते. उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या ईशान्येकडल्या लुकियो रानाचं घेतलंय. तिथे पाऊस तीन ठिकाणी मोजतात: उघड्यावर, झाडांखाली आणि खोडांवरून उतरणारा. पहिल्या आकड्यातून पुढचे दोन वजा केले की जे उरतं ते जमिनीपर्यंत पोचतच नाही, ओल्या पानांवरूनच वाफ होऊन वर जातं. तिथल्या सखल रानात हा वाटा पावसाच्या 40 टक्क्यांच्या आसपास भरला आहे.

मी लिहिलं होतं, ‘इतका पाऊस बाष्पोच्छ्वासाने परत जातो.’ लेकाने वाचलं आणि म्हणाला, ‘आई, झाड ते पाणी प्यायलंच नाही, मग उच्छ्वास कसला?’ मी गप्प. इंग्रजीत याला इंटरसेप्शन म्हणतात. कोशात ‘अवरोधन’, ‘अंतररोधन’ असलं काहीबाही सापडतं. वाचताना पोलिसांची नाकाबंदी आठवते.

जुना मास्तर
लेकाला माझ्यातर्फे दोन भजी जास्त वाढा, बाई. त्याने नेमकी जागा पकडली.

मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं, त्याला मराठी विश्वकोशात बाष्पोच्छ्वास हाच शब्द आहे. शेतीची पुस्तकं पर्णोत्सर्जन म्हणतात. हिंदीच्या वाटेने वाष्पोत्सर्जनही आलं, ‘ब’चा ‘व’ होऊन. संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ आणि डोळ्यांतलं पाणीही, म्हणून तर आपला कंठ बाष्पगद्गद होतो. वाफ हे त्याच बाष्पाचं घरातलं रूप. मला उत्सर्जन आवडत नाही. टाकाऊ वस्तू बाहेर लोटल्यासारखं वाटतं, मलमूत्राच्या पंगतीला बसवल्यासारखं. झाड पाणी टाकून देत नाही. कर्बवायू आत घ्यायला त्याला पानांची रंध्रं उघडावी लागतात आणि त्याच दारातून पाणी निसटतं. कर्बवायूचा एक रेणू कमवायचा तर पाण्याचे शेकडो रेणू जातात. व्यवहार महाग आहे, पण झाडाला दुसरा रस्ता नाही.

तेव्हा बाष्पोच्छ्वास झाडाच्या आतल्या पाण्यापुरताच ठेवा. पानावर बसून उडून गेलेल्या पाण्याला वेगळं नाव हवंच.

सत्तरीकार
झेल!

पाऊस अंगावर झेलतो म्हणतोच की आपण. पानांनी झेललेला तो पर्णझेल. आणि खोडावरून येतो तो ओघळ. ‘स्तंभप्रवाह’ कृपा करून लिहू नका, वाचणाऱ्याला विजेचा खांब दिसेल.

ओघळावरून आठवलं. आमच्या कुळागरात आजी पावसाळ्यात पोफळीच्या खोडाला विरी (पोफळीच्या पानाचा रुंद देठ) तिरकी बांधायची, खाली कळशी. पोफळीची पानं वर नरसाळ्यासारखी उघडी, त्यामुळे चांगली सर आली की खोडावरून पाणी धारेने उतरायचं आणि विरीवरून कळशीत पडायचं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी ती घेत नसे, खोडावरची घाण उतरते म्हणून. शास्त्रज्ञही ओघळ मोजायला खोडाभोवती पन्हळ गुंडाळतात आणि खाली डबा ठेवतात. आजीकडे फक्त वही नव्हती.

फणसाखालची (फोंडा)
झेल एकदम पटला! पण झेललेल्यातलं थोडं नंतर खाली ठिबकतंच. जे कायमचं गेलं त्याला ‘झेलघट’ म्हणू? सोन्यात, धान्यात घट धरतात तशी.

जुना मास्तर
नवरात्रात वाचलं तर लोक त्यात धान्य पेरतील. ‘झेलतूट’ म्हणा.

चोर्ला-धुकं
तूट म्हणताना एक सांभाळा. रोज ढगात बुडालेल्या डोंगरमाथ्यावर उलटा प्रकार होतो. धुक्यातले बारीक थेंब पानं विंचरून काढतात आणि खाली पाडतात. तिथे झाडाखाली उघड्यापेक्षा जास्त पाणी भरू शकतं. म्हणजे झेल तोच, पण तूट नाही, भर. इंग्रजीने दोन्हीला एकच शब्द लावून घोळ घातलाय, आपण कशाला घालायचा? पावसाळ्यात चोर्ला घाटात गाडी थांबवून झाडाखाली उभे राहा. पाऊस नसतो आणि तरी डोकं भिजतं.

आणि 40 टक्के वाचून मुलं गोव्याला तोच आकडा लावतील, तेही लिहा. लुकियोत व्यापारी वारे वर्षभर लहानलहान सरी आणतात. पानं भिजतात, वाऱ्याने सुकतात, पुन्हा भिजतात, आणि दर वेळी झेल नव्याने भरतो. आपला पाऊस बहुतेक चार महिन्यांत उरकतो आणि कोसळतो तेव्हा सलग कोसळतो. पानं एकदा भरली की पुढचं सगळं खालीच. शिवाय तिकडे 1989 मध्ये ह्यूगो आणि 2017 मध्ये मारिया या चक्रीवादळांनी पालाच झोडून नेला. झेलायला पान नको का?

दिवाडीकर
मूळ चार शब्दांत ‘उपोष्ण’ आहे का? तो तपासा. लुकियो कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 18 अंशांवर. नकाशा बघणारा म्हणेल, हे तर उष्ण कटिबंधात. त्या रानाला उपोष्ण म्हणतात ते होल्ड्रिज या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1947 च्या वर्गीकरणामुळे. तो अक्षांश पाहत नाही, तापमान आणि पाऊस पाहतो. नकाशावरही उपोष्ण असलेलं बेटावरचं रान हवं असेल तर जपानच्या ओकिनावा बेटाच्या उत्तर भागातलं यानबारू घ्या, 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहे. फक्त ‘समशीतोष्ण’ लिहू नका, मी ते छापलेलं पाहिलंय.

बेट शब्दाचीही गंमत आहे. ‘बेटातलं रान’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बांबूचं बेट येतं. आमच्याकडे कोंकणीत जुंवो. कुंभारजुव्याच्या नावात तो बसलेलाच आहे.

सत्तरीकार
उत्पादकता राहिली. कारखान्याचा वास येतो. निपज म्हणा की.

जुना मास्तर
निपज सुंदर आहे, पण निपज हातात येते. झाड सूर्यप्रकाशात जेवढं बनवतं ती सकल, त्यातलं स्वतःच्या श्वसनाला खर्चून उरतं ती निव्वळ, साधारण निम्मी. निव्वळला निपज शोभेल, सकलला नाही. आणि पाऊस जास्त तर निपज जास्त, असं मात्र लिहू नका. लुकियोतच वर जावं तसा पाऊस वाढतो, पण माथ्यावरची झाडं खुजी. ढगांमुळे ऊन कमी, माती चिंब, मुळांना हवा नाही. खाली कमी पावसात ताबोनुको हा तिथला वृक्ष ताडमाड वाढतो.

फणसाखालची (फोंडा)
सगळं उतरवून घेतलं. झेल, झेलतूट, ओघळ, निव्वळ निपज. सकलपुढे उत्पादकताच ठेवते. झाडाखाली पोचणाऱ्या पावसाला ‘निथळ’ लिहिणार होते, पण लेकाने घोळ केलाय. त्याने काल दोन सारखे डबे ठेवले, एक अंगणात, एक फणसाखाली. सकाळी अंगणातल्यात चार बोटं पाणी, फणसाखालच्यात पाच! मग तूट गेली कुठे?

सत्तरीकार
डबा नेमका फांदीच्या वाकणाखाली असणार. पानं पाणी गोळा करून ठरावीक जागी सोडतात, हातभर पलीकडे कोरडं असतं. म्हणून तर निथळ शब्द बरोबर. त्याला सांगा, एका डब्यावर भरवसा नको. दहा ठेव आणि रोज जागा बदल.