सोलापूरच्या नव्या रॉक बँडनं पुण्याला जाऊ नये, निदान इतक्यात तरी

कंबर तलाव

धागा मी सुरू करतोय, तर मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं की सरळ भांडायला बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. गावात नव्यानं उभा राहिलेला एक बँड मुक्काम पुण्याला हलवणार अशी कुजबुज आहे. हलवू नये. नाव घेत नाही. पोरं नवीन आहेत आणि आपल्याकडं माणसं नावावर तुटून पडतात.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: गिटार, बास, ड्रम आणि गाणारी मुलगी, असे चौघं. सराव अशोक चौकाच्या पलीकडं, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. शेड गिटारवाल्याच्या मामांची, त्यामुळं भाडं नाही. स्वतःची गाणी तीन, बाकी कार्यक्रम हिंदी-इंग्रजी कव्हरवर, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांवर, निघतो. त्या तिनातलं एक मागावरचं आहे. शेजारच्या चालू कारखान्यातल्या जकार्ड मागाचा खडखडाट रेकॉर्ड करून त्यावर ड्रम बसवलेत. ते ऐकताना वाटलं, हे दुसऱ्या कुठल्या गावातून आलंच नसतं.

पुण्यात काय होईल? खोलीचं भाडं, सरावाच्या जागेचं तासावर भाडं, ते भरायला नोकऱ्या, चौघांच्या चार शिफ्टा. सराव आठवड्यातून एकदा, तोही घड्याळाकडं बघत. नव्या बँडला सगळ्यात आधी लागते ती वाईट वाजवायची जागा. चुकीचं कडवं पन्नासदा वाजवून फेकून देता आलं पाहिजे. तासाला पैसे मोजणारा पहिलंच कडवं 'बरं आहे की' म्हणून ठेवून देतो.

आणि स्टुडिओ नाही हे रडगाणं नको. इंडियन ओशन हा बँड १९९० ला सुरू झाला. १९९७ चा त्यांचा दुसरा अल्बम म्हणजे एका कार्यक्रमाचं थेट रेकॉर्डिंग आहे. चार माणसं एकत्र नीट वाजवत असतील तर तेवढं पुरतं.

कव्हरही बंद करावीत, असं माझं मत. स्वतःचं गाणं सुरू झालं की मागच्या रांगा वडापावकडं वळतात, हे मी बघितलंय. वळू देत. तिथं वाजवत राहणं हीच शाळा.

मुक्काम पोस्ट कोथरूड

इंडियन ओशन दिल्लीत होता, दादा. मोहोळला नव्हता.

मी सोलापूरचाच. ड्रम वाजवतो, बरीच वर्षं पुण्यात आहे. 'गावात थांबा' हा सल्ला ज्याला स्वतःला काही वाजवायचं नाही तोच देतो, असा अनुभव आहे. थांबून वाजवायचं कुठं? हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं, ऑर्केस्ट्रा आणि सत्कार. तिथं नवीन बँडनं स्वतःच्या खिशातून भाडं भरायचं आणि पहिल्या तीन रांगांत नातेवाईक बसवायचे. रंगभवनलाही तेच. कॉलेजचं गॅदरिंग वर्षातून एकदा. गणपतीत मंडळाचा अध्यक्ष तिसऱ्या गाण्याला चिठ्ठी पाठवतो. अनोळखी बँड ऐकायलाच लोक मुद्दाम येतात अशी एक तरी जागा आपल्या गावात दाखवा. पुण्यात ती सवय लागलेली आहे; एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० ला तिथं उगाच सुरू झाला नाही.

दुसरं म्हणजे, ड्रमर व्हिडिओवरून अर्धाच शिकतो. हात दिसतात, पाय दिसत नाहीत. पाच फुटांवर उभं राहून दुसऱ्याचा पाय बघितला तेव्हा मला कळलं की माझा किक, म्हणजे पायानं वाजणारा मोठा ड्रम, प्रत्येक वेळी बासच्या किंचित आधी पडतोय. गावात मला हे सांगणारं कोण होतं? सगळे 'एक नंबर' म्हणायचे.

कंबर तलाव

पाय बघायला मुक्काम हलवावा लागत नाही. सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडा, वाजवा, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी परत या. अडीचशे किलोमीटर आहे, परदेश नाही. तिथल्या बहुतेक जागांवर ड्रमचा सेट आणि अँप असतातच. ड्रमरनं स्नेअर (तो खणखणीत छोटा ड्रम), झांजा आणि पेडल घेतलं की झालं. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर नेऊन सोडते.

मुक्काम पोस्ट कोथरूड

चार तिकिटं, खाणं, रिक्षा, आणि नव्या बँडला मानधन म्हणून 'पोरांनो, एक्स्पोजर मिळेल'. करून बघा महिन्यातून दोनदा.

बॉक्सवाला अण्णा

का बे, सगळे नुसतं पुणं पुणं करलालेत. ह्या पोरांना आमच्या सिस्टीमवर वाजवताना मी बघितलोय, म्हणून लिहितो.

आमचा डॉल्बी मिरवणुकीचा. खालचा बेस छातीवर मारायला बनवलाय, तिथं तयार गाणं लावायचं असतं. त्यावर गिटार सोडली की गिटारचा मधला भाग आणि पोरीचा आवाज एकाच जागी येतात, आणि बेस दोघांना खाऊन टाकतो. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेला बॉक्स, नाही. साउंडचेक मागितलाच नाही कुणी, आले आणि सुरू झाले. तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून ती ओरडायला लागली, तिसऱ्या गाण्याला घसा बसला. शिव्या कुणाला? मला. पुण्याला जावा नाहीतर लंडनला जावा, आधी मिक्सरवाल्याशी बोलायला शिका. कोण कुठं उभारणार, कुणाला काय ऐकू यायला पाहिजे, एवढं एका कागदावर लिहून आणलं तर मी कशाला नाही म्हणतो?

आणि कव्हर बंद करा म्हणणाऱ्या मालकाला विचारतो, पोटाला काय? आपल्या गावात ऑर्केस्ट्रावाल्यांनी दुसऱ्याची गाणी गाऊन घरं बांधलीत, पोरींची लग्नं केलीत. कमी समजू नका.

शेडच्या मागचं घर

अण्णा, तुमच्या डॉल्बीचं तर नावच काढू नका. पण या पोरांबद्दल सांगते. सराव नऊ-साडेनऊपर्यंत ठीक आहे. त्यानंतर ते ढुमढुम भिंतीतून येतं, गाणं ऐकू येत नाही, फक्त भांडी हलतात. मुलाची बारावी आहे. मुलं चांगली आहेत, सांगितल्यावर 'हो काकू' म्हणतात, भिंतीला चादरी लावल्या म्हणतात. फरक काही नाही.

खरखर

काकूंचं बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. मी रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

सोलापुरी चादर भिंतीला लावली की झांजांचा आणि आवाजाचा वरचा चरचरीत भाग शोषला जातो. खालचा बास आणि किक चादरीला जुमानत नाहीत. उलट वरचं सगळं गेल्यामुळं खोली कोंदट आणि घुमणारी होते. पोरांना वाटतं आवाज 'दाबला', काकूंच्या घरी मात्र तेवढाच पोचतो. खालच्या आवाजाला जाडी लागते: रॉकवूलसारखं दाट भरण, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, आणि सगळ्यात आधी कोपऱ्यात. आवाज बाहेर जाऊ नये यासाठी तर वेगळंच: फटी बुजवणं, जड दार. पत्र्याचं छत असेल तर विषयच संपला. बास अँप जमिनीवरून उचलून जाड फोमवर ठेवला तरी शेजाऱ्यांची भांडी थोडीफार शांत होतील, आणि हे आजच्या आज होतं.

नियमही माहीत असावा. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. ड्रमचा सेट शंभरच्या आसपास सहज जातो.

धाग्याच्या विषयावर: थेट रेकॉर्डिंग पुरतं, हे अर्धं खरं. पत्र्याच्या शेडमध्ये ड्रमचा आवाज गाणारीच्या माईकमध्ये इतका शिरेल की नंतर तिचा आवाज वाढवला की झांजा पण वाढतील. ड्रम, बास, गिटार एकत्र घ्या आणि गाणं नंतर, शांत खोलीत. तिथं मात्र चादरी खरंच उपयोगी पडतात. ड्रमला माईक कमी असतील तर वरचे दोन स्नेअरपासून सारख्याच अंतरावर ठेवा, दोरीनं मोजून. नाहीतर स्नेअर पोकळ होतो आणि मग सॉफ्टवेअरनं तो नीट भरून काढणं अवघड. याला पुणं लागत नाही, दोरी लागते.

सोन्नलगी

मुद्दा राहून चाललाय. गायचं कुठल्या भाषेत? ही पोरं घरी तेलुगू, कानडी, दखनी, मराठी बोलतात आणि स्टेजवर चढली की इंग्रजी. या गावचं ग्रामदैवत सिद्धराम, बाराव्या शतकातला वचनकार. वचनं म्हणजे कानडीतल्या भक्तिपर रचना. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालणारा तरुण त्याचं एक वचन तरी गिटारवर ऐकेल की नाही? लोकांना भाषा कळली पाहिजे असंही नाही. तुमच्या त्या इंडियन ओशनच्या २००० सालच्या अल्बमचं शीर्षकगीत केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचं आहे, आणि ते इथं हॉस्टेलवर पाठ होतं. अवियल हा केरळचा बँड मल्याळममध्ये रॉक गातो, त्यांनाही कुणी अडवलं नाही.

नाहीतर रामजोशी घ्या. वैदिक घरातला पोरगा, तमाशाच्या नादाला लागला म्हणून थोरल्या भावानं घराबाहेर काढला. मराठी-संस्कृत मिसळून लावण्या रचणारा हा माणूस आपल्या गावचा. याहून रॉक काय असतं? किंवा बार्शीचे शाहीर अमर शेख. तो पहाडी आवाज आणि ती गाणी आज डिस्टॉर्शनवर, म्हणजे गिटारच्या फाटक्या आवाजावर, वाजली पाहिजेत.

मुक्काम पोस्ट कोथरूड

सोन्नलगी, आदर आहे, पण हे म्हाताऱ्यांचं रॉक झालं. चौकातला पुतळा दाखवून 'यावर गाणं करा' म्हणणं. त्या पोरांना बारमाही उकाड्यावर, साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवसावर, हिंजवडीच्या कॅबवर लिहायचं असेल तर? वारसा म्हणून गायलेलं वचन फ्यूजनच्या कार्यक्रमात शोभतं, आणि मग ते आयुष्यभर फ्यूजनच्या कार्यक्रमातच बोलावले जातात.

खरखर

अमर शेखांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. त्यांचं निधन १९६९ चं. आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत वारसांची किंवा ज्याच्याकडं हक्क असेल त्याची परवानगी लागेल. रामजोशी आणि सिद्धराम मोकळे. फक्त आजच्या कुणाचा अनुवाद उचलू नका. कव्हर रेकॉर्ड करून चढवलं तर यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा बहुधा मूळ मालकाकडं वळतो, त्यामुळं कव्हरवर 'कमाई' होते ती स्टेजवर, इंटरनेटवर नाही.

आणि स्वतःची तीन गाणी आहेत तर शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती हे आत्ताच कागदावर लिहा. गाण्यांचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेला गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासद होता येतं. गाणं चालायला लागल्यावर 'तो रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) माझा होता' सुरू होतं. बँड भाषेवरून फुटताना मी बघितला नाही, यावरून फुटताना बघितलेत.

चार तारा

मी त्याच बँडमधला बासवाला. एवढी चर्चा झाली, आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून लिहितोय.

पुण्याला जायचं कारण संगीत नाहीच. आमच्यातल्या दोघांना नोकरी लागली आहे, हिंजवडीला. घरी 'बँडसाठी थांबतो' म्हटलं तर काय होईल ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं कंबर तलाव सर, फुकट शेड असली तरी संध्याकाळी ती उघडायला माणसं असतील का हा प्रश्न आहे.

कव्हर बंद करणार नाही. ऑडिओ इंटरफेस आणि दोन माईक साखरपुड्याच्या एका कार्यक्रमातून आलेत. आमच्या गाण्याला तिथं एक आजोबा नाचले, रॉक म्हणून नव्हे, त्यांना तो मागाचा ठेका ओळखीचा होता. ते मिलमध्ये होते म्हणे.

मागाबद्दल सांगतो, कारण लोकांना वाटतं रेकॉर्ड केला आणि झालं. माग एका चालीत चालत नाही. पट्टा सरकला की ढिला पडतो, धागा तुटला की थांबतो, परत सुरू झाला की वेगळाच. क्लिकवर, म्हणजे ठरावीक वेगाच्या टकटकीवर, बसवायला गेलो तर चार ओळींत निसटायचा. शेवटी क्लिक काढला, मागाचाच आवाज ड्रमरच्या कानात दिला आणि तो सांभाळेल तसं आम्ही मागं चाललो. म्हणून ते गाणं दर वेळी वेगळ्या वेगात निघतं. कोथरूडच्या दादांना ते चूक वाटेल.

भाषेचं: गाणारीला तेलुगूत लिहायचंय. तिच्या आईला कळेल म्हणून. वारसा वगैरे नाही. काकू, बास अँप उद्याच उचलतो.

मुक्काम पोस्ट कोथरूड

चूक नाही वाटत. वेग हलतो याला माझी हरकत नाही, मुद्दाम हलतो की नकळत एवढंच विचारेन. आणि नोकरीच असेल तर धागाच निकालात निघाला. येताय तर मध्ये सहा महिने घालवू नका. सरावाची जागा तिघा-चौघा बँडनी मिळून महिन्यानं घ्या, तासानं नको. ड्रमरला माझा निरोप द्या.

कंबर तलाव

निकालात कसा निघाला? दोघं जाणार, दोघं इथंच आहेत. ते दोघं शनिवार-रविवार येऊ शकतात, आई-बापाकडं येणारच आहेत. शेड इथं आहे, माग इथं आहेत, काकू इथं आहेत. पुण्यात नोकरी करा, बँड सोलापुरात ठेवा. मी अजून तेच म्हणतोय.

सोन्नलगी

तेलुगूत लिहिते आहे हे ऐकून बरं वाटलं. पुतळ्याचं सोडून देतो. सिद्धरामाचं सोडत नाही.

चार तारा

कुणी जायच्या आत तिन्ही गाणी रेकॉर्ड करणार आहोत, शेजारचा कारखाना बंद असतो त्या दिवशी. खरखर सर, दोरीचं पटलं. ड्रमला माईक कमी पडतात. अण्णा, विचारू का?

बॉक्सवाला अण्णा

विचारलास की. सहा माईक देतो, स्टँड चारच आहेत, दोन कुठं बांधायचे ते तुम्ही बघा. केबल मोजून देणार, मोजून घेणार. लग्नसराईत मागू नका. आणि येताना तो कागद आणा, कोण कुठं उभारणार तो.