मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ यंदा (२०२५) ११-१ म्हणे!

शेवटून तिसरी रांग:
काल इथे एका उत्साही मित्राने लिहिलं, "नवा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघ चालवणारा) अंडरवुड आला, प्रश्न मिटला. अकरा जिंकणार, एक हरणार, प्लेऑफ म्हणजे राष्ट्रीय चषकाची बाद फेरी पक्की." वाचता वाचता चहा गार झाला, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पोरगा गुणी आहे, वादच नाही. मिशिगनमधल्या बेलव्हिलचा, म्हणजे घरचाच. शाळकरी खेळाडूंत देशात पहिला नंबर, लुइझियाना स्टेट विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून आपल्याकडे आला. पण परवा कुठे त्याला अठरा पूर्ण झाली! पहिल्या मॅचपासून फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक हा जुगार आपण आधी तीनदाच खेळलोय: १९७५ ला रिक लीच, २००४ ला चॅड हेनी, २००९ ला टेट फोर्सिए. हेनीच्या वर्षी रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत गेलो आणि टेक्सासकडून एका गुणाने हरलो. फोर्सिएच्या वर्षी पहिल्या चार जिंकून नाचलो आणि ५-७ वर आटोपलो. ते नाचणं कोणालाच आठवत नाही वाटतं.

गेल्या वर्षी पासिंग नावाची चीजच नव्हती. वॉरन, ओर्जी, टटल, तिघे क्वार्टरबॅक फिरवून झाले. जे काही झेलायचं ते लव्हलंडने झेललं, ५६ झेल. तो आता शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे. मग हा पोरगा चेंडू टाकणार कोणाला? ग्रॅहम आणि ग्रँट हे बचावफळीच्या मधले दोन पहाडही गेले, व्यावसायिक संघांनी दोघांनाही निवडीच्या पहिल्या फेरीत उचललं. त्यात प्रशिक्षक मूरसाहेब निलंबनामुळे तिसऱ्या-चौथ्या मॅचला घरी बसणार, आणि चौथी नेमकी नेब्रास्कात. ओक्लाहोमा, नेब्रास्का, यूएससी, तिन्ही परक्या मैदानावर.
८-४. फार झालं तर ९-३.

निळापिवळा:
तो "उत्साही मित्र" मीच. नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का?
गेल्या वर्षी क्वार्टरबॅकच्या नावाने बोंब असताना कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला १३-१० आणि नंतर अलाबामाला १९-१३ केलं ना? यंदा तर चेंडू घेऊन पळणारा जस्टिस हेन्स अलाबामा सोडून आपल्याकडे आलाय. ओरेगन नाही, पेन स्टेट नाही, ओहायो आपल्या घरी. ८-४ म्हणणाऱ्याने वेळापत्रक वाचलंय की नुसता इतिहास?

कोलंबसकर:
चालू द्या. नोव्हेंबरातला एक शनिवार तुमचा, जानेवारीतला राष्ट्रीय चषक आम्हा ओहायोवाल्यांचा. हिशोब फिटला.

शेवटून तिसरी रांग:
ओळीने चार वर्षं तो शनिवार आमचा, साहेब. मोजायला बोटं पुरतात.

ग्रॅडबाबू:
१ जुलै २०२५ पासून विद्यापीठ खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. मी ग्रेडिंग करून दोन वर्षं आमटीभातावर काढली, त्याचं कोणाला काही आहे का?

निळापिवळा:
तुमची ग्रेडिंग बघायला लाखभर माणूस येत असेल तर तुम्हीही मागा.

आरतीचं ताट:
मुद्द्याचं बोला. ओक्लाहोमाची मॅच ६ सप्टेंबरला संध्याकाळी साडेसातला. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी, आणि आमच्या मंडळाचं विसर्जन, नाटक, जेवण साडेपाच ते साडेनऊ! गेल्या वर्षी चतुर्थीलाच टेक्सासची मॅच होती, दुपारी बाराला. आरतीला उभं राहून टाळी एका हाताने, फोन दुसऱ्या हातात. हाफटाइमला टेक्सास २४-३ ने पुढे. बाप्पासमोर तोंडून जे निघालं ते आईने ऐकलं. कमिटीत एकालाही वेळापत्रक बघता येत नाही का?

मोदकवाली मावशी:
मी त्या कमिटीत आहे, बाळा. सात वर्षं. तिथी फुटबॉलला विचारून ठरत नाही. रविवारी ठेवलं की "उद्या ऑफिस" म्हणत साडेआठला पळणारे तुम्हीच. हॉल मिळतो तो शनिवारी. मागच्या वर्षी दीडशे माणसांचं जेवण आम्ही चौघींनी काढलं, आणि खुर्च्या आवरायच्या वेळी तू गाडीत बसून स्कोअर ऐकत होतास.

आरतीचं ताट:
ते चुकलं. पण गाडीत फक्त दहाच मिनिटं होतो.

मोदकवाली मावशी:
पस्तीस.

पुण्याहून २००७:
मावशींना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. मी आलो त्याच ऑगस्टात. रूममेट म्हणाला, पहिली मॅच अॅपलॅचियन स्टेटशी, नुसता सराव. आपण देशात पाचवे. मला तर डाऊन म्हणजे काय तेही कळत नव्हतं. ३४-३२ ने हरलो. शेवटची किक त्यांनी अडवली आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये जो तो मयतीला आल्यासारखा बसला होता. तेव्हापासून ऑगस्टात कोणी ११-१ म्हटलं की पोटात गोळा येतो. विसर्जनाला जा, निदान प्रसाद तरी मिळेल.

कोलंबसकर:
हा धागा फार आवडला.

निळापिवळा:
तुम्ही बाहेर व्हा. आणि २००७ काका, अठरा वर्षं झाली हो! मधे २०२३ चा संघ १५-० गेला, तो विसरलात?

पुण्याहून २००७:
नाही विसरलो. तो संघ चौथ्या वर्षाच्या दादालोकांचा होता. तुमचा पोरगा अजून डॉर्मात कपडे धुवायला शिकतोय.

शेवटून तिसरी रांग:
हेच मी तीन परिच्छेदांत म्हणत होतो.

निळापिवळा:
बरं बाबा, १०-२. त्याच्या खाली येणार नाही. नॉर्मनमध्ये, ओक्लाहोमाच्या घरी, जिंकलो तर तुम्ही १० वर याल का?

शेवटून तिसरी रांग:
जिंकलात तर पुढच्या वर्षी मोदक वळायला मी येतो.

मोदकवाली मावशी:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मागच्या खोलीत टीव्ही लावू देते, आवाज बंद, पडदा पडेपर्यंत कोणी ओरडायचं नाही. आणि बाळा, तू साडेपाचला ये, साडेसातला नव्हे. खुर्च्या मांडायच्याही असतात.