अनुभव धागा: अकरावी-बारावीचं जड फिजिक्स घेतलंत तेव्हा नक्की काय झालं?

भाचीने पुढच्या वर्षापासून फिजिक्सचा वरच्या पातळीचा कोर्स घेतलाय. आत्तापर्यंत विज्ञानात नव्वदच्या खाली कधी आली नाही त्यामुळे कॉन्फिडन्स जबरदस्त आहे, आणि मला नेमकं त्याचंच टेन्शन आलंय कारण माझंही डिट्टो असंच होतं आणि पहिल्याच चाचणीत ४० पैकी ११ पडले होते. तिला "घाबरू नकोस, अभ्यास कर" यापलीकडे काही सांगता येईना, म्हणून हा धागा. ज्यांनी हा विषय घेतला, शिकवला, मधेच सोडला, कसाबसा काढला, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, प्रसंग हवेत.

सुरुवात माझ्यापासून. त्या पेपरात एक गणित होतं. ३० अंशाच्या उतारावर २ किलोचा ठोकळा, घर्षणांक ०.८, ठोकळा जागचा हलत नाहीये, तर घर्षण बल किती? मी घर्षणांक गुणिले नॉर्मल फोर्स करून १३.६ न्यूटन लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मोकळी झाले. तपासलेला पेपर परत देताना सर म्हणाले, "वजनाचा उतारावरचा भाग याला खाली ओढतोय ९.८ न्यूटनने, तुझं घर्षण वर ढकलतंय १३.६ ने. म्हणजे हा ठोकळा आपोआप उतार चढत जाणार का?" अख्खा वर्ग हसला, मी पण हसले, घरी येऊन रडले. म्यू गुणिले एन, म्हणजे मी केलेला तो गुणाकार, ही स्थिर घर्षणाची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात घर्षण गरजेपुरतंच, म्हणजे इथे ९.८ न्यूटन, लागतं, हे पुस्तकात होतं आणि मी ते हायलाइटसुद्धा केलं होतं!! माहीत असणं आणि वापरता येणं यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं.

*

अगदी अगदी. मी याच वर्षी संपवलं त्यामुळे जखमा ताज्या आहेत. मला सगळ्यात मोठा धक्का हा बसला की गणितातून आकडेच गायब झाले. आधी कसं असायचं की वस्तुमान इतकं, बल इतकं, त्वरण काढा, दोन आकडे दिलेत म्हणजे एकतर गुणायचे नाहीतर भागायचे, झालं. इथे म्हणतात कप्पीवरून दोरी, एका टोकाला एम वन, दुसऱ्या टोकाला एम टू, त्वरण काढा. मी पहिल्यांदा खरंच विचारलं होतं की मॅम आकडे छापायचे राहिलेत का.

पण नंतर याचा एक फायदा कळला तो कोणी आधी सांगत नाही. अक्षरांमधलं उत्तर तपासता येतं. कप्पीच्या गणितात त्वरण येतं दोन्ही वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी (गुरुत्वत्वरण, ते ९.८). आता दोन्ही वस्तुमानं सारखी ठेवून बघा, त्वरण शून्य, बरोबर, तराजू स्थिर. एका बाजूचं वजन काढूनच टाका, त्वरण जी, म्हणजे दुसरं सरळ खाली पडतंय, ते पण बरोबर. एकदा माझं उत्तर असं आलं की वर बेरीज आणि खाली वजाबाकी, म्हणजे सारखी वजनं टांगली तर त्वरण अनंत 😄 परीक्षेत दहा सेकंदांत चूक सापडली. आकडे असते तर तेच उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहून आलो असतो आणि वर खूशही झालो असतो.

*

मी थोडक्यात लिहिते. कॅल्क्युलस. फिजिक्सच्या वर्गात डेरिव्हेटिव्ह पहिल्या महिन्यात लागतं आणि गणिताच्या वर्गात ते येईपर्यंत निम्मं वर्ष गेलेलं असतं, दोन्ही शिक्षक म्हणतात हे तुम्हाला तिकडे शिकवतील. आमच्याकडे तरी असंच झालं. भाचीला आत्ताच एवढं करायला सांगा की आलेखाचा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रेशन, आणि वेग-काळ आलेखावर दोन्ही हाताने करून बघ. तेवढ्यावर दोन महिने निघतात.

आणि हो, गतीची ती तीन लाडकी समीकरणं फक्त त्वरण स्थिर असतानाच चालतात. मी ती स्प्रिंगला लावली होती. स्प्रिंग जशी सैल होते तसं बल कमी होत जातं, मी मात्र सुरुवातीचंच बल शेवटपर्यंत धरलं. ऊर्जेवरून येणाऱ्या उत्तरापेक्षा माझा वेग १.४१ पट जास्त आला. बरोबर वर्गमूळ दोन! चूक पण किती नीटनेटकी.

*

बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

दरवर्षी पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारते. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणतो शून्य. हुशार मुलं तर आधी म्हणतात. मग मी विचारते की वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, मग तो खाली का येईल, तिथेच लटकून राहायला हवा. थोडा वेळ शांतता. मग कोणीतरी पुटपुटतं की "९.८च". पण गंमत पुढे आहे. त्याच मुलांना सहा महिन्यांनी तोच प्रश्न जरा वेगळ्या कपड्यांत विचारला, म्हणजे लोलक एका टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्यावर बल आहे का, की पहिले पाढे पंचावन्न.

यात मुलांचा दोष नाही. अमेरिकेत हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली, त्यात आकडेमोड नाहीच, फक्त बल आणि गती याबद्दलचे साध्या भाषेतले प्रश्न. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी अशीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली आणि जी मुलं अवघड गणितं सोडवत होती तीच या साध्या प्रश्नांवर अडखळली, तेव्हा त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. तेव्हा तुमच्या भाचीचं अडणं हे तिच्या एकटीचं नाही. आपण सगळे लहानपणापासून वस्तू ढकलत आलोय आणि ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते हेच पाहत आलोय, न्यूटनचा पहिला नियम त्या सगळ्या अनुभवाच्या विरुद्ध बोलतो. तो पाठ होतो पण पटायला वेळ लागतो.

मी फक्त एका गोष्टीवर अडून बसते, फ्री बॉडी डायग्राम. वस्तू एक, बाकी जग पुसून टाकायचं, आणि बलाच्या प्रत्येक बाणाला विचारायचं की "तू कोणामुळे आहेस?" उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोटा. वर्तुळाकार गतीत मुलं हमखास एक जादा बाण काढतात आणि त्याला केंद्राभिमुख बल म्हणतात. कोण लावतंय ते? दोरी? मग दोरीचा ताण तर तुम्ही आधीच दाखवलाय की.

बाकी एक निरीक्षण, अभ्यासक्रमात नाही. चुंबकत्वाच्या पेपरात उजव्या हाताच्या नियमाला (बोटांवरून बलाची दिशा काढतात तो) डावा हात वापरणारे खूप असतात, कारण उजव्या हातात पेन असतं. पेन खाली ठेवा हो! मी पेपर तपासताना बरोब्बर उलटी दिशा दिसली की ओळखते.

*

मॅडम, पेनाचं वाचून ठसका लागला, मी त्यातलाच.

मला प्रॅक्टिकलबद्दल लिहायचंय कारण त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, सगळ्यांना वाटतं ते फुकटचे मार्क. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच ते प्रयोग आणि सीनियर्सच्या वह्यांमधून रीडिंग उतरवायची पद्धत, त्यामुळे जी नेहमी ९.८ च यायचा, पेंड्युलम कुठला का असेना.

एकदा माझ्या पार्टनरला काय सुचलं कोण जाणे, म्हणाली आज खरंच करूया. लोलकाची लांबी २० सेंटीमीटरपासून मीटरभरापर्यंत बदलत नेली, दरवेळी २० आंदोलनांचा वेळ घेतला (एकच आंदोलन मोजलं तर स्टॉपवॉच दाबण्यातच जी चूक होते ती वीस हेलकाव्यांत वाटली जाते, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं, मला वाटायचं उगाच छळायला वीस सांगतात). मीटरभराचा लोलक एका पूर्ण हेलकाव्याला २ सेकंदांच्या जरासा वर घेतो, तसाच आला. खूश झालो. मग वेळेचा वर्ग विरुद्ध लांबी असा ग्राफ काढला, रेघ सरळ आली पण शून्यातून जाईना. लांबीच्या अक्षाला दोनेक सेंटीमीटर डावीकडे छेदत होती. मी तर खोडरबर काढलंच होतं, म्हटलं ओढू पट्टी शून्यातून, कोण बघतंय. पार्टनर म्हणाली थांब, डावीकडेच का? चूक असती तर बिंदू इकडेतिकडे विखुरले असते, हे सगळेच्या सगळे सारखे सरकलेत.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की आम्ही फक्त दोरी मोजत होतो. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते आणि आमचा गोळा होता चार सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या दोन. ती रेघ आम्हाला न मोजलेल्या गोळ्याची त्रिज्या सांगत होती! आणि रेघेचा चढ तोच राहतो त्यामुळे जीचं उत्तर या चुकीने बिघडलंच नव्हतं. सूत्रात एकच रीडिंग घालून काढलं असतं तर बिघडलं असतं. दोन वर्षांत मला फिजिक्स समजलं असं वाटलेला हा एकमेव दिवस. त्या प्रयोगाला मार्क सगळ्यांइतकेच मिळाले ते जाऊ द्या.

*

सगळे म्हणतायत नुसतं पाठ असून भागत नाही, म्हणून थोडा विरोधी सूर. काही गोष्टी तोंडपाठच हव्यात. साइन-कॉसच्या किमती, एककं, सदिशाचे घटक कसे पाडायचे. मला उतारावरच्या गणितात दरवेळी "साइन की कॉस" यावर दोन मिनिटं जायची. शेवटी कोन शून्य करून बघायची सवय लागली, सपाट जमिनीवर वस्तू घसरत नाही म्हणजे घसरण्याच्या दिशेला साइन. तरी पाठ असतं तर बरं झालं असतं.

*

मी हा विषय मधेच सोडला. असाही अनुभव हवा ना? मेकॅनिक्स रेटलं कसंबसं, पण विद्युतक्षेत्र आणि विभव आले आणि पायाखालची जमीन गेली. मेकॅनिक्समध्ये निदान ठोकळा दिसतो. इथे काही दिसतच नाही आणि सर म्हणायचे कल्पना करा. दोन सारख्या धन प्रभारांच्या मधोमध क्षेत्र शून्य पण विभव शून्य नाही, एक धन एक ऋण घेतला की विभव शून्य पण क्षेत्र शून्य नाही. हे ऐकून मी वही मिटली ती मिटलीच. दुसऱ्या विषयात गेलो, मजेत आहे. माझी चूक एवढीच की "समजलं नाही" हे मी वर्गात एकदाही मोठ्याने म्हटलं नाही. मागे वळून बघताना वाटतं की डोंगर आणि उतार असं कोणी सांगितलं असतं, विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे चढ, तर कदाचित टिकलो असतो. कदाचित नसतोही.

*

मी वरच्यांच्या बरोब्बर उलट, मला पैकीच्या पैकी मार्क होते आणि काहीही कळलेलं नव्हतं. रट्टा मारायचो, डेरिव्हेशन्स स्वल्पविरामासकट. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कोणीतरी सहज विचारलं की सारख्याच व्होल्टेजचे ६० वॉट आणि १०० वॉटचे दोन बल्ब एकापुढे एक सीरिजमध्ये जोडले तर जास्त उजेड कोणाचा? मी छातीठोकपणे १०० म्हणालो. उत्तर ६०, कारण त्याचा रोध जास्त, आणि सीरिजमध्ये करंट दोघांतून सारखाच जातो. मला ओहमचा नियम झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचा हो! मार्क बघून खूश होऊ नका एवढंच सांगेन. तिला असे बिनआकड्यांचे प्रश्न विचारत राहा, जेवताना, चालताना. भरीव गोल, चकती आणि पोकळ कडं उतारावरून एकदम सोडलं तर पहिलं कोण? (गोल, मग चकती, मग कडं, आणि वजन किंवा त्रिज्या काहीही असो, निकाल बदलत नाही.) आधी पैज लावायची, मग खरंच सोडून बघायचं, आणि गणित सगळ्यात शेवटी.

*

धागाकर्तीच परत. सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलीये. एक विचारायचं राहिलं, वेळ किती द्यायचा रोज?

*

शिकवणारी मीच. तास मोजू नका. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं सोपं वाटतं, म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पुन्हा. अडली तर वीस मिनिटं अडू द्या, लगेच उत्तर दाखवू नका. दिवसाला अशी तीन झाली तरी खूप.

*

ओके. काल भाचीला तो उतारावरचा ठोकळा दिला, २ किलो, ३० अंश, ०.८, स्थिर आहे. तिने लिहिलं १३.६ न्यूटन आणि खाली दोन रेघा मारल्या. मी विचारलं हा ठोकळा कुठे जाईल गं आता. ती म्हणाली, "कुठे जाईल म्हणजे? स्थिर आहे ना तो." कागद घेऊन खोलीत गेलीये, दार लावलंय. वीस मिनिटं होऊन गेली, मी काही सांगितलेलं नाही.