मदत हवी आहे : अप्रेंटिसच्या अलाइनमेंट प्रॅक्टिकलमध्ये डायलची बेरीज जुळत नाही

फिटर अप्रेंटिसना कपलिंग अलाइनमेंट (जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आणणं) शिकवायला ५ एचपी मोटर आणि पंपाचा सेट मांडलाय. एका शाफ्टवर ब्रॅकेट, त्यावर डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ), त्याचं टोक समोरच्या कपलिंगच्या रिमवर म्हणजे कडेच्या गोलाईवर, सगळ्यात वरच्या जागी शून्य. डावं आणि उजवं मिळून खालच्या रीडिंगइतकं यायला हवं. पोरांना मिळतंय डावं +०.०६, उजवं +०.१०, खाली +०.२४ मिमी. ०.०८ चा घोळ.

सॉफ्ट फूट (मोटरचा एखादा पाय बेसवर नीट न टेकणं) बघितलं, एकेक बोल्ट सैल करून पायाशी डायल लावला, ०.०५ च्या आत आहे. फेरा पूर्ण झाल्यावर काटा शून्यावर येतो, म्हणजे ब्रॅकेट सरकत नाही. ९० अंशाच्या जागा लेव्हलने धरल्या. ब्रॅकेटच्या सॅगकडे (वजनाने खाली वाकण्याकडे) बोट दाखवू नका, ती उभ्या ऑफसेटसारखीच (एक शाफ्ट वर-खाली असल्यासारखीच) वागते, बेरीज बिघडवत नाही.

संशय दोन: मोटरच्या बेअरिंगमधला ढिलेपणा, नाहीतर स्पायडर (कपलिंगच्या दोन भागांमधला रबरी तुकडा) बसवूनच शाफ्ट फिरवल्यामुळे येणारा ताण. मोटर न उघडता यातलं नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं? पहारीने शाफ्ट उचलून डायल बघितला तर किती हालचाल चालते? लेझर किट नाही. आणि शिम (पायाखालची पातळ पत्री) बदला म्हणू नका. रीडिंगच खोटं असेल तर शिम कशाच्या भरवशावर घालायची?