न्यू ब्राउनफेल्समधल्या इतिहासाच्या पाट्या, आणि आमच्या चाळीची एक

आगवाल्याचा मुलगा

नमस्कार. मी सोलापूरचा, हयात मुरारजी पेठेत गेली. सध्या अमेरिकेत, टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला मुलीकडे मुक्काम आहे, परतीचं तिकीट तीन आठवड्यांनी. विचारायच्या गोष्टी दोनच आहेत, पण आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे. रिटायर माणूस, सांभाळून घ्या.

मागच्या शनिवारी जावई न्यू ब्राउनफेल्सला घेऊन गेले. गाव जर्मनांनी वसवलेलं. नद्या दोन, कोमाल आणि ग्वादालुपे. कोमाल म्हणजे गंमतच आहे. गावातल्याच झऱ्यांतून उगवते, चारेक किलोमीटर वाहते आणि गावातच ग्वादालुपेला मिळते. सौ. म्हणाल्या, "घरापासून स्टेशनला जाऊन आल्याएवढी नदी." आमच्या शहरात तीही नाही, तळ्यांवर भागवतो, म्हणून मी गप्प बसलो.

पोरं रबरी ट्यूबमध्ये बसून पाण्यात तरंगत होती आणि आम्ही दोघं काठावर सगळ्यांच्या चपला राखत होतो. कंटाळून उठलो तर खांबावर एक पाटी. ओतीव अॅल्युमिनियमची, अक्षरं उठावाची. सवयीनं बोट फिरवायला गेलो आणि चटका बसला, उन्हानं तवा झाला होता. वाचली. पुढं दुसरी दिसली. संध्याकाळपर्यंत अकरा वाचल्या. शेवटच्या चार वाचेपर्यंत जावई गाडीत एसी लावून बसले होते, चेहरा सभ्य होता.

तिथल्या पाट्या आणि टेकडीवरचं म्युझियम मिळून जे कळलं ते असं. सोल्म्स-ब्राउनफेल्सचा राजपुत्र कार्ल यानं मार्च १८४५ मध्ये जर्मन माणसं वसवायच्या योजनेसाठी इथली १,२६५ एकर जमीन १,१११ डॉलरला घेतली. २१ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, पहिल्या गाड्या पोचल्या. गावाला नाव आपल्या घराण्याचं. टेकडीवर वाग्दत्त वधूच्या नावानं गढी बांधायची होती, सोफियनबुर्ग. बाई काही आल्या नाहीत, आणि राजपुत्रही त्याच उन्हाळ्यात जर्मनीला परत गेला. पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध लागलं, गाड्या आणि बैल सैन्याकडं गेले, आणि मागून बोटींतून आलेली हजारो माणसं समुद्रकाठी अडकली. साथ आली. किनाऱ्यावर, वाटेत आणि गावात पोचल्यावरही शेकडो मेली. पोरक्या मुलांसाठी इथल्या पाद्र्यानं अनाथाश्रम काढला.

हे वाचून मी थबकलो. गावाचा मोठेपणा सांगणारी जागा, आणि त्यात आपल्याच योजनेचा बोजवारा कसा उडाला तेही सांगितलेलं. आमच्या भागातल्या एका सभागृहाच्या कोनशिलेवर मी एकदा नावं मोजली होती. शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती धरून चौदा. इमारत कुणासाठी आणि का बांधली याचा एक शब्द नाही.

परतताना शेजारच्या ग्रुइन नावाच्या वस्तीत जेवलो. (लिहितात तसं म्हणत नाहीत, 'ग्रीन' म्हणतात.) कपाशीवर उभं राहिलेलं गाव, १८७८ चा पत्र्याच्या छपराचा डान्स हॉल अजून चालू आहे. जिथं जेवलो ती जागा म्हणजे जुनं जिनिंग. १९२२ ला आगीत गेलं, विटांची बॉयलरची खोली तेवढी उरली, तिच्याभोवती आता हॉटेल. मेनूकार्ड हातात घेतलं आणि माझं लक्षच उडालं. माझे वडील सोलापुरातल्या एका मिलमध्ये बॉयलरवर आगवाला होते, एकतीस वर्षं. घरी आले की आई आधी खोबरेल घेऊन त्यांच्या हाताला लावायची, मग चहा. आणि इथं त्याच जातीच्या खोलीत माझ्यापुढं बटाट्याचे काप आणि लिंबाचं सरबत!

तर प्रश्न. एक, पुन्हा एक दिवस जायला मिळणार आहे. फक्त पाट्या आणि जुनी घरं बघायची तर कुठून कुठं चालावं? दोन, या पाट्या लावतं कोण? मजकूर कोण ठरवतं? परत गेल्यावर आमच्या चाळीला एक लावायची फार इच्छा आहे. वडिलांचा मिलचा पितळी बिल्ला अजून माझ्याकडं आहे, त्यावर नुसता नंबर. नाव नाहीच.

हिलकंट्रीकर

काका, वीस वर्षं इथं राहतोय, पण माझ्या पाट्या अकरा झाल्या नसतील. वेड चांगलं आहे.

मेन प्लाझापासून सुरू करा, तो गोल चौक. कडेला १८९८ चं चुनखडीचं कोर्ट. साउथ सेगीन अव्हेन्यूवर नेगेलिनची बेकरी, १८६८ पासून सुरू. टेक्ससमधली सर्वांत जुनी चालू बेकरी म्हणतात. काकूंना फिनिक्स सलूनच्या (सलून म्हणजे इथं दारूचा बार) इमारतीपाशी नक्की थांबवा. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानं तिथं १८९४ च्या सुमाराला मिरच्या वाळवून, मांस दळायच्या यंत्रातून काढून मिरचीपूड विकायला सुरुवात केली. ताजी मिरची हंगामातच मिळायची, वर्षभर पुरवायची कशी, ही त्याची अडचण. सोलापूरच्या माणसाला यात शोध कसला ते कळणार नाही, पण त्यांनी त्यावर पुढं कारखाना काढला.

तिथून कोमाल अव्हेन्यूवर लिंडहायमरचं घर. यालाच टेक्ससच्या वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात. इथल्या फड्या निवडुंगाच्या एका जातीला त्याचं नाव आहे. रोजीरोटीला मात्र त्यानं १८५२ पासून 'नॉय-ब्राउनफेल्सर त्साइटुंग' हे जर्मन वर्तमानपत्र चालवलं. पुढं ते इतरांनी चालवलं, आणि जर्मनमध्ये निघत राहिलं थेट १९५७ पर्यंत. गावाच्या कडेला ग्वादालुपेवरचा १८८७ चा लोखंडी फाउस्ट स्ट्रीट पूल आहे, तो आता फक्त चालणाऱ्यांसाठी. संध्याकाळी जा, दुपारी पाय भाजतील.

पाटीचं असं आहे. राज्याचा इतिहास आयोग ऑस्टिनला आहे, पण अर्ज तुमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समितीकडून जातो, आणि ती समिती म्हणजे गावातलेच स्वयंसेवक. अर्जासोबत पुराव्यांसकट इतिहास लिहून द्यायचा. आयोग तो तपासतो, मजकूर कातरून बसवतो, मग पाटी ओतायला जाते. मोठी पाटी २७ बाय ४२ इंच. पैसे अर्जदाराचे. १९३६ ला राज्याच्या शताब्दीत ग्रॅनाइटचे दगड लावले होते, हे अॅल्युमिनियमचं प्रकरण १९६२ पासूनचं. आता राज्यभर सोळा हजारांच्या वर आहेत. आजवर ज्यांचा इतिहास कुणी सांगितला नाही अशा लोकांच्या पाट्यांसाठी आयोगाची वेगळी योजनाही आहे.

एक दिवस मोकळा असेल तर ग्वादालुपेच्याच वरच्या अंगाला कम्फर्ट नावाचं गाव आहे, तिथं जा. का ते सांगत नाही.

सातरस्ता

काका, तुमी तिकडं बसून पाट्या वाचूलालाव आनि हितं मी रोज भुईकोट किल्ल्यावरनं जातो, तिथली निळी पाटी काय म्हनती? संरक्षित स्मारक, खराब केलं तर दोन वर्षं कैद नाहीतर एक लाख दंड. बास. बहामनींचा किल्ला, दुसरा बाजीराव पळापळीत हितं मुक्कामाला हुता, ते कुटं हाय त्या पाटीवर? पोरं वाचत्यात, दंड किती ते बगत्यात, आनि बागेत जात्यात.

आनि चाळीला पाटी लावशीला हो. आठ दिवसांत वर वाढदिवसाचा फ्लेक्स लागंल. खाली 'शुभेच्छुक' म्हनून तुमचंबी नाव टाकत्याल, न विचारता.

चुनाविटा

सातरस्ता, हसले. पण निळ्या पाटीचं कामच ते आहे, ती कायद्याची नोटीस. गोष्ट सांगणारी पाटी वेगळी लावावी लागते, आणि गोची नेमकी तिथं आहे की दोन्ही एकच समजून लोक पहिलीवर थांबतात.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. काका, लिंडहायमरच्या घराची भिंत जवळून बघा. त्याला फाखवेर्क म्हणतात. आधी लाकडी सांगाडा उभा करायचा, तिरक्या दांड्यांनी आवळायचा आणि मधल्या चौकटी विटा-दगडांनी भरायच्या. भार लाकडावर, भिंत नुसती भरणी. आपल्या वाड्यांतही खांब-तुळयांवर भार असतो, पण लाकूड भिंतीच्या पोटात असतं. त्यांनी ते बाहेर दाखवलं. लाकडाचा सांधा पाण्यापासून कसा झाकलाय तेवढा फोटो टाकाल का? मला हवाय.

तिथली एक अट मला फार आवडते. इमारतीला राज्याची ऐतिहासिक पाटी मिळाली की मालकाला बाहेरून बदल करायच्या साठ दिवस आधी आयोगाला कळवावं लागतं. बंदी नाही, फक्त कळवा. त्या साठ दिवसांत कुणीतरी येतं, बोलतं, दुसरा मार्ग सुचवतं. माझ्या एका कामात सोमवारी गेले तर शनिवारपर्यंत असलेला सागवानी सज्जा नव्हता. साठ सोडा, दोन दिवस मिळाले असते तरी निदान मापं घेतली असती.

तुमच्या चाळीपुरतं बोलायचं तर घरमालकाची लेखी संमती घ्या आणि पाटी भिंतीच्या आत बसवा. रस्त्यावर खांब रोवलात तर महापालिकेची परवानगी. भिंत चुन्याची असेल तर सिमेंटमध्ये खिळे ठोकू नका, एवढं माझं ऐका.

आगवाल्याचा मुलगा

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, दोन्हीकडं.

चुनाविटा, फोटो मुलगी चढवणार आहे. सांध्याला बोट लावून बघितलं, तिथल्या बाईंनी काही म्हटलं नाही. गेबहार्टच्या मिरचीपुडीवर सौ.चं मत: "रंग बरा असेल, पण शेंगदाण्याशिवाय कसली चटणी?"

हिलकंट्रीकर, कम्फर्टला का पाठवलंत ते कळलं. चुनखडीचा साधा स्तंभ, 'ट्रॉय डेर उनिओन', म्हणजे युनियनशी, अखंड अमेरिकेशी, निष्ठा. १८६२ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, या डोंगराळ भागातले जर्मन, दक्षिणेच्या बाजूनं लढायचं नाही म्हणून मेक्सिकोकडं निघाले होते. न्यूएसेस नदीकाठी रात्रीच्या मुक्कामावर दक्षिणेच्या सैन्यानं त्यांना गाठलं. प्रेतं उघड्यावर पडली ती तीन वर्षं. युद्ध संपल्यावर घरच्यांनी हाडं गोळा करून आणली आणि १८६६ ला स्तंभ उभा केला. छत्तीस नावं आहेत. मी मोबाइल धरून एकेक बाजू वाचली. एका बाजूला 'न्यूएसेसवर पडले', दुसऱ्या बाजूला 'पकडून खून केला'. खून. दगडात कोरलेला शब्द आहे, आणि कोरला तेव्हा करणारे आसपास जिवंत होते.

तिथं उभं राहून आपला चार हुतात्मा चौक आठवला नसता तरच नवल. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी. तारीख आम्हाला शाळेत पाठ होती. पण १९३० च्या मे महिन्यात गावात मार्शल लॉ लागला तेव्हा मिलच्या चाळींत काय चाललं होतं, ते मला आजोबांच्या तोंडून जेवढं कळलं तेवढंच. आजोबा गेले, आता विचारायचं कुणाला?

हिलकंट्रीकर

काका, एक पुस्ती. सगळे जर्मन त्या बाजूचे नव्हते. न्यू ब्राउनफेल्स ज्या कोमाल काउंटीत आहे तिनं १८६१ ला अमेरिकेतून फुटून निघण्याच्या बाजूनंच मोठं मतदान केलं होतं. एकच नदी, दोन गावं.

आगवाल्याचा मुलगा

हे बरं सांगितलंत. नाहीतर मी पेठेतल्या कट्ट्यावर जाऊन भलतंच ठोकून दिलं असतं.

चाळीच्या पाटीचा कच्चा मजकूर टाकतो. फाडून काढा.

"ही चाळ मिल कामगारांची. चोवीस खोल्या. सोलापुरात कापडाची पहिली मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्या पाठोपाठ आलेल्या मिलमध्ये या खोल्यांतली माणसं तीन पाळ्यांत राबली. कुणी साच्यावर, कुणी बॉयलरवर. घड्याळ कुणाकडे नव्हतं, भोंग्यावर चालायचं. घरांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाई. मिल बंद पडली तेव्हा काहींची देणी मिळाली, काहींची मिळाली नाहीत."

उद्घाटक कुणी नाही. तारीख घालीन.

चुनाविटा

शेवटचं वाक्य कुणी काढायला सांगितलं तरी काढू नका. 'राबली' काढा, 'काम केलं' लिहा.

सातरस्ता

काका, फ्लेक्सचं बोल्लो ते मनावर घेऊ नका. माजी आजी तुमच्या मागच्याच चाळीत हुती. तिला वाचून दाखिवलं. ती म्हनती समदं बराबर हाय, पन चोवीस खोल्यांना नळ एकच हुता आनि पानी पहाटं चारला यायचं, ते का नाई लिवलं? आनि भोंगा तीनदा व्हायचा म्हनती. पहिला उठायचा, दुसरा निगायचा, तिसऱ्याला गेट बंद.